बासष्ट अंशांवर ताईची नळी

मला तापमान ठरवायची नोकरी लागली हे कळल्यावर ताई पोट धरून हसली होती. "तुले तुहं तं ठरवता येत नाई," म्हणाली. तिचं खोटं नव्हतं. माझा राग घरात प्रसिद्ध होता. वरण आळणी झालं तरी मी ताट सरकवून उठायची, आणि अर्ध्या तासाने तेच वरण मुकाट्याने खायची.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी संशोधन सहायक होते. सहायक म्हणजे मी एकटीच. वर एक सर, खाली मी, आणि मध्ये पीसीआरचं एक जुनं यंत्र. रक्तातल्या डीएनएवरून सिकलसेल ओळखायची पद्धत आम्हाला आमच्या प्रयोगशाळेत बसवायची होती.

चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल हा शब्द ऐकला नाही असं गाव सापडायचं नाही. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, आणि अंग असं दुखतं की शहाणं माणूस जमिनीवर लोळतं. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक. वाहकाला सहसा काही होत नाही. तो धानाच्या बांधीत दिवसभर राबतो, लग्न करतो, म्हातारा होतो, आणि आपल्यात काही आहे हे त्याला कळतही नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक निघाले, तर त्यांच्या प्रत्येक मुलामागे चारात एक अशी आजाराची टांगती तलवार.

यंत्राचं काम सांगायला सोपं होतं. डीएनएचा हवा तो तुकडा घ्यायचा आणि त्याच्या प्रतींवर प्रती काढायच्या. त्यासाठी नळी खूप तापवायची, मग निववायची, मग पुन्हा तापवायची, असं तीस-पस्तीस वेळा. निवताना प्रायमर नावाचे बारीक तुकडे डीएनएला जाऊन चिकटतात आणि तिथून प्रत निघायला लागते. आमचा प्रायमर फक्त सिकलच्या दोषालाच चिकटावा असा मुद्दाम बनवून घेतलेला होता. किती अंशांपर्यंत निववलं की तो नेमका तिथेच चिकटेल, एवढंच मला शोधायचं होतं.

आईला मी ते धिरड्यांवरून समजावलं होतं. तवा थंड असला तर पीठ चिकटून बसतं, निघता निघत नाही. तवा फार तापला तर पीठ धरतच नाही, नुसतं पळतं. प्रायमरचंही तसंच. तापमान कमी ठेवलं तर तो दोष असो नसो, कुठेही चिकटतो, आणि निरोगी माणूसही सिकलचा दिसायला लागतो. जास्त ठेवलं तर खऱ्या रोग्यालाही चिकटत नाही. आई म्हणाली, "मंग पाण्याचा शिपका मारून पाह्य ना." हा सल्ला मी सरांना सांगितला नाही.

मोठ्या शहरांत एकाच वेळी दहा-बारा तापमानं लावून बघता येणारी यंत्रं आली आहेत, असं सर अधूनमधून सांगायचे. मला ते सांगणंसुद्धा आवडायचं नाही. आमच्या यंत्रात एका वेळी एकच तापमान लागायचं. नळ्या भरा, तीन तास थांबा, मग जेलीच्या वडीत ते पाणी सोडून वीज लावा, आणि शेवटी जांभळ्या दिव्यावर ठेवून कुणाच्या रकान्यात नारिंगी पट्टा उमटला ते बघा. एक अंश बदलायचा म्हणजे एक दिवस गेला. त्यात वीज गेली तर तोही गेला. अख्ख्या राज्याला वीज पुरवणाऱ्या आमच्या शहरात भारनियमन असायचं, आणि त्याचा राग मी कुणावर काढू हे मला कधी समजलं नाही.

तपासायला रक्त जिल्ह्याच्या दवाखान्यातून यायचं. तिथे रक्ताची साधी तपासणी होऊन वाहक किंवा रुग्ण असा पक्का शिक्का बसलेलेच नमुने आमच्याकडे पाठवत. निरोगी माणसाचं रक्त कोण कशाला पाठवेल? पण तुलनेला एक निरोगी रक्त तर रोज लागतंच. ते मी माझंच लावत होते. दंड माझा, सुई माझी, कुणाची परवानगी नको.

कागदावर हिशेब मांडून पंचावन्न अंश आले होते, म्हणून मार्चमध्ये मी पंचावन्नपासून सुरुवात केली. सगळ्यांच्या नळीत सिकलचा पट्टा. वाहकांच्या, रुग्णांच्या, आणि माझ्याही. हे अपेक्षितच होतं, तवा थंड होता. सत्तावन्न केले, तेच. एकोणसाठ, साठ, एकसष्ट, तेच. बासष्टलाही माझा पट्टा ठसठशीत. चौसष्टला तो फिका पडला, म्हणून मला आनंद झाला, पण त्याच जेलीत वाहकांचेही पट्टे तितकेच फिके झालेले. सहासष्टला कुणाचंच काही नाही. माझी नळी बरी झाली की वाहकांच्याही नळ्या बऱ्या व्हायच्या.

मी प्रायमरला शिव्या दिल्या. यंत्राला दिल्या. नळीतलं मीठ कमी केलं, वाढवलं, पाणी बदललं, हातमोजे बदलले. नुसत्या पाण्याची नळी मात्र दर वेळी कोरी यायची, म्हणजे माझ्या हातून कुठे सांडलवंड होत नव्हती. एप्रिल असाच गेला.

मे महिन्यात ताई माहेरी आली. आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यात, ताईचं सासर गडचांदूरला. भाऊजी तिथल्या सिमेंटच्या कारखान्यात कामाला. मी रविवारी घरी गेले तेव्हा आईने अंगणात खाटेवर कुरड्या घातल्या होत्या, आणि ताई काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. आई आत गेल्यावर ती कावळ्यांकडेच पाहत मला म्हणाली,

"मले दिवस गेले."

मी ओरडणारच होते. तिने काठी माझ्या पायावर टेकवली.

"ओरडू नको. कोणाले सांगतलं नाई. यायलेबी नाई."

"भाऊजींना नाही? काऊन?"

मग तिने सांगितलं. महिन्याभरापूर्वी कामगारांच्या वस्तीत रक्ततपासणीचं शिबिर झालं होतं. त्यात भाऊजी वाहक निघाले. त्यांनी तो कागद फक्त तिला दाखवला आणि कपाटात कपड्यांखाली ठेवला. भाऊजींच्या बहिणीचा मुलगा या आजाराचा होता. दुखणं सुरू झालं की ते लेकरू कसं हात चावायचं हे ताईने पाहिलेलं होतं. आणि कागद घरात आला त्याच आठवड्यात तिला दिवस गेल्याचं कळलं.

"माह्यात असन तं?" ती म्हणाली. "तू पाह्य. तुह्याकडं मशीन हाय ना."

मी म्हटलं, दवाखान्यात जा, तिथे साध्या तपासणीत कळतं. ती म्हणाली, तिथला तपासणारा तिचा चुलतदीर. नाव लिहिलं की संध्याकाळी सासूला कळणार, आणि सून तपासायला का गेली म्हणजे लेकाचंही निघणार. ती हट्टाला पेटली म्हणजे माझ्यासारखीच. फरक इतकाच की मी ओरडते आणि ती गप्प राहते.

दोघंही वाहक असतील तर पोटातलं बाळ तपासायला मुंबईला जावं लागणार होतं, आणि तेही ठराविक आठवड्यांच्या आत. ताईने हिशेब करून ठेवला होता. आमच्या हातात तीन-चार आठवडे होते.

"आन् मले असन तं मुंबईले तूच चालजो संगं," ती म्हणाली. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दवाखान्यातल्या सिस्टरकडून मी रक्त काढायला शिकले होते. आई शेजारी गेली तेवढ्यात मी ताईचं रक्त काढलं, बर्फ घातलेल्या थर्मासात ठेवलं आणि दुपारच्या एसटीने चंद्रपूरला आले. थर्मास मांडीवरून खाली ठेवला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी तिची नळी यंत्रात टाकली. डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून जुन्या सवयीने पंचावन्नच लावले. ताईच्या रकान्यात पट्टा आला, जाड, नारिंगी. मला ठाऊक होतं की पंचावन्नला दगडाचंही रक्त सिकलचं दिसेल. मला अगदी पक्कं ठाऊक होतं. तरी सत्तेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात मी कूलरसमोरून उठून बाहेर उन्हात जाऊन उभी राहिले.

तिथे उभ्या उभ्या एक वाईट विचार मनात आला, तो लपवत नाही. उद्या सहासष्ट लावते. सहासष्टला ताईचा पट्टा जाईल. मी तिला सांगीन, तुला काही नाही. सहासष्ट लावले असते तर ताई निरोगी निघाली असती, मीही, आणि सगळा जिल्हाही.

परत आत आले तर सर जेलीचा फोटो घेऊन बसलेले.

"हा नवीन नमुना कुणाचा?"

मला खोटं बोलायचं होतं, पण रडूच आलं. सगळं सांगितलं. सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि रडणं थांबेपर्यंत फोटो बघत राहिले. मग म्हणाले, "बहिणीची नळी आता फ्रीजमध्ये ठेवायची. तापमान ठरेपर्यंत तिला हात लावायचा नाही. ज्याचं उत्तर आपल्याला हवंसं आहे, त्याच्यावर तापमान ठरवायचं नसतं. ज्यांचं उत्तर आधीपासून माहीत आहे, त्यांच्यावर ठरवायचं."

"तेच करते आहे सर, तीन महिने."

"वाहकांचे रिपोर्ट आहेत. निरोगी म्हणून कुणाचं लावतेस?"

"माझं."

"तुझा रिपोर्ट कुठे आहे?"

"कशाचा रिपोर्ट? मी निरोगी आहे."

"वाहकही निरोगीच असतो."

"आमच्यात नाही सर ते."

हे मी इतक्या सहज म्हटलं की मलाच माझा आवाज आईसारखा वाटला. आमच्या गावात प्रत्येक जात हेच म्हणायची. ते जंगलाकडच्यांत असतं, त्या टोल्यावरच्या वस्तीत असतं, नदीपलीकडच्यांत असतं. आमच्यात नाही. रोज वेगवेगळ्या आडनावांच्या नळ्या माझ्या हाताखालून जात होत्या, आणि तरी मी ते म्हटलं.

सर शांतपणे म्हणाले, "तुमच्यात नाही, हे तू कुठल्या नळीत पाहिलंस?"

मी रागाने उठले, दार आपटलं आणि माझ्या भाड्याच्या खोलीकडे निघून गेले. रस्ताभर सरांना मनात बोलत होते. खोली आली तेव्हा बोलायचं काही उरलं नव्हतं. परत फिरले, दवाखान्यात गेले आणि माझं नाव, वय, गाव लिहून दंड पुढे केला. ताईच्या चुलतदिरानेच रक्त काढलं. "मॅडम, तुमचंबी प्रोजेक्टात काय?" म्हणाला. मी हो म्हटलं.

दोन दिवसांनी चिठ्ठी आली. मी वाहक होते.

तेव्हा मला आधी काय वाटलं ते सांगते, कारण ते विचित्र होतं. मला हायसं वाटलं. भीती नाही, दुःख नाही, सुटले असं वाटलं. यंत्र बरोबर होतं. प्रायमर बरोबर होता. तीन महिने माझ्या नळीत जो पट्टा दिसत होता तो खरा होता, आणि मी त्याला पुसून टाकायला अंश चढवत होते. कुठल्याच अंशावर तो एकटा जाणार नव्हता. जाताना वाहकांना घेऊनच जाणार होता. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून एकटीच हसले. बाजूच्या बाईने पदर सावरून थोडं सरकून घेतलं.

मग हसू थांबलं. माझ्यात आहे म्हणजे आई-बाबांपैकी कुणात तरी आहे. म्हणजे ताईत असायची शक्यता आता निम्म्याला निम्मी. काल ती असेल-नसेल अशी भीती होती. आज छापा की काटा एवढंच उरलं होतं.

सरांनी खटपट करून तीन निरोगी माणसांचं रक्त मिळवलं, रिपोर्टसकट. त्यांपैकी एक स्वतः सरच होते, त्यांनीही आधी जाऊन आपली तपासणी करून घेतली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पंचावन्न, सगळ्यांचे पट्टे. अठ्ठावन्न, निरोगी तिघांचे फिके. साठ, अगदी पुसट. एकसष्टला वीज गेली आणि दिवस वाया गेला. बासष्टला तिघंही कोरे, आणि वाहकांचे पट्टे जागच्या जागी, माझ्यासह. मी तोच प्रयोग दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. पुन्हा तसाच. तीन महिने जे सापडलं नव्हतं ते आठवड्यात सापडलं, आणि ते अंश मी मार्चपासून कितीदा तरी लावून बघितले होते.

आता ताईची नळी. सरांनी तिच्यावरची, माझ्यावरची, त्यांच्यावरची, सगळ्यांवरची नावं काढून स्वतःचे आकडे टाकले. यादी खिशात ठेवली. "तू बघून सांग, कुठल्यात आहे आणि कुठल्यात नाही. मग मी नावं वाचतो." मला त्यांचा राग आला आणि ते बरोबर आहेत हेही कळलं.

सकाळी आठला यंत्र लावलं. भारनियमन दुपारी बाराचं, त्याच्या आत यंत्राचं काम व्हायला हवं होतं. अकराला संपलं. जेली चालवायला दुपारी वीज आल्यावर बसले. चार वाजता दिवा लावला. रक्ताच्या प्रत्येक रकान्यात वरच्या बाजूला एक पट्टा हमखास यायलाच हवा, नळीत काम झालं याची ती खूण असते. नुसत्या पाण्याचा शेवटचा रकाना सोडला तर तो सगळ्यांत होता. खालचा, सिकलचा पट्टा मी मोठ्याने वाचत गेले. "एक, नाही. दोन, आहे. तीन, आहे. चार, नाही. पाच, आहे. सहा, नाही. सात, नाही. आठ, पाणी, कोरं."

सरांनी यादी काढली. ते नावं क्रमाने वाचत होते आणि मला ऐकू येत नव्हतं. "तीन, तू," हे ऐकू आलं. मग, "सहा, तुझी बहीण."

मी पुन्हा पाहिलं. सहाव्या रकान्यात वरचा पट्टा स्पष्ट होता. खाली काही नव्हतं. चष्मा पुसून पाहिलं, तरी नव्हतं. मी सरांना म्हटलं, पुन्हा एकदा करू. ते म्हणाले, "करूच. उद्या सकाळी." दुसऱ्या दिवशीही सहा कोरं आलं. तेव्हा मला विश्वास बसला आणि कूलरसमोरच्या स्टुलावर बसल्या बसल्या माझी मान मागे गेली. सर म्हणाले, घरी जा.

मी फोटो घेऊन थेट स्टँडवर गेले. गावात पोचले तेव्हा ताई ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत होती. माझं तोंड बघून तिने सूप खाली ठेवलं, पण उठली नाही. मी तिच्या शेजारी बसले आणि फोटो तिच्या हातात दिला.

"माही कोणती?"

मी बोट ठेवलं. "ही."

"इथी तं काईच नाई."

"तेच. काही नाही. तुझ्यात नाही ते. बाळाला आजार होणार नाही. फार तर भाऊजींसारखं नुसतं वाहक होईल, त्याने काही होत नाही."

ती फोटोकडे बघत राहिली. रडेल असं मला वाटलं, पण तिने फोटो उजेडाकडे धरला. मग बोट बाजूच्या रकान्यांवरून फिरवत गेली आणि तिसऱ्यावर थांबली.

"हे कोणाची? ह्याच्यात हाय."

"माझी."

तिने झटकन मान वर केली. "म्हंजे तुले..."

"मला काही होत नाही. नुसतं लग्नाच्या वेळी पोराचं रक्त बघायचं. पत्रिकेऐवजी."

"तुले भेव नाई वाटलं?"

"तुझंच वाटत होतं. माझ्यापर्यंत पोचलंच नाही."

खरंच तसं होतं. माझ्यासाठी वाईट वाटायला मला पुढे बराच वेळ मिळाला, आणि तेव्हाही फारसं वाटलं नाही. त्या दिवशी ओसरीवर मला इतकं हलकं वाटत होतं की भूक लागली. सकाळपासून जेवले नव्हते हे तेव्हा आठवलं.

ताईने फोटो पदराखाली घेतला आणि उठली. सैपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. आई चुलीपुढे पाठमोरी बसली होती. ताईने चौकटीला हात लावला आणि जरा मोठ्यानेच म्हणाली, "आई, मले दिवस गेले."

आईने भाकर उलटली. मागे वळून बघितलं नाही.

"मले काय डोळे नाई?" ती म्हणाली. "मयना झाला, तू कवा सांगतं म्हून वाट पाहून राह्यली मी."